शेजाऱ्याला पुस्तक सुचवण्याची रीत

जूनच्या अखेरीस ब्रॅम्पटनच्या शाळा सुटतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी होते आणि मंगळवारी त्या पुन्हा भरतात. मधल्या नऊ-दहा आठवड्यांत गल्ल्यांचा नूर पालटतो. हिवाळ्यात ज्या शेजाऱ्याचं तोंड फक्त बर्फ उपसताना दिसतं, तो आता ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसलेला असतो. जूनअखेर नऊ वाजून जाईपर्यंत उजेड असतो, गॅरेजची दारं उघडी असतात आणि भारतातून आलेले आईवडील जेवणानंतर शतपावली घालत असतात. पुस्तकांबद्दल बोलायला वर्षात इतका सोयीचा हंगाम दुसरा नाही.

बोलणं होतंही, पण बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर. कुणीतरी ‘या उन्हाळ्यात वाचावीत अशी वीस पुस्तकं’ अशी यादी टाकतं, चारपाच जण अंगठा दाखवतात आणि यादी खाली सरकत जाते. अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. वीस पुस्तकं एकदम सुचवणारा कुणा एकाला डोळ्यांसमोर ठेवून बोलत नसतो, आणि वाचणाऱ्याला ती शोधायची कुठे हे कळत नाही. पुस्तक सुचवणं आणि ते हातात पडणं या दोन गोष्टींत चार दिवसांचं अंतर पडलं तरी उत्साह ओसरतो. म्हणून पुस्तक सुचवायचं ते एका माणसाला, एका वेळी एक, आणि प्रत कुठून मिळेल याची सोय आधी करून. पुढे जे लिहिलं आहे ते या सोयीबद्दलच आहे.

आधी माणूस. अमेरिकेतल्या सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी 1998 मध्ये अख्ख्या शहरानं एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम सुरू केला. पुढे त्याचं लोण उत्तर अमेरिकेतल्या कित्येक गावांत पोचलं. त्यांची एक मांडणी फार उपयोगी आहे. त्या म्हणतात, वाचक पुस्तकात चार दारांपैकी एका दारानं शिरतो: कथानक, पात्रं, स्थळकाळ किंवा भाषा. ज्याला ‘पुढे काय झालं’ याचीच ओढ असते, त्याला भाषेचं सौंदर्य असलेलं संथ पुस्तक दिलं की तो विसाव्या पानावर थांबतो. दोष त्याचाही नसतो, पुस्तकाचाही नसतो.

तेव्हा शेजाऱ्याला ‘तुम्हाला कोणत्या प्रकारची पुस्तकं आवडतात?’ असं विचारू नका. या प्रश्नाला सगळे ‘काहीही चालतं’ असंच उत्तर देतात. ‘अलीकडे वाचलेलं किंवा पाहिलेलं काय आवडलं, आणि त्यातलं काय लक्षात राहिलं?’ असं विचारा. सिनेमा किंवा मालिका सांगितली तरी चालेल. उत्तरात माणसांची नावं आली तर दार पात्रांचं, गाव-डोंगर-घर आलं तर स्थळाचं. मग आपलं पुस्तक दोन वाक्यांत सांगायचं. गोष्ट सांगत बसायचं नाही; हे पुस्तक मी *तुम्हालाच* का देतोय, एवढंच सांगायचं.

पर्ल यांचा दुसरा नियम शेजाऱ्याला आवर्जून ऐकवावा. पन्नास पानं वाचून रस वाटला नाही तर पुस्तक खुशाल मिटावं. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करावं आणि उरतील तेवढीच पानं वाचावीत. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना तीस पानं पुरे. पुस्तक देतानाच ही मोकळीक दिली की शेजाऱ्यावरचं ओझं उतरतं. ‘अजून वाचलं नाही हो’ असं म्हणत आपल्याला टाळून जाण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

आता ब्रॅम्पटनच्या गल्लीत कुणाला काय द्यावं, हा गमतीचा भाग. 2021 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या वर होती आणि त्यात निम्म्याहून अधिक लोक दक्षिण आशियाई वंशाचे होते. पंजाबी सगळीकडे, शिवाय गुजराती, तमिळ, उर्दू बोलणारे, जमैकाहून आलेले, फिलिपिनो. मराठी घरं त्यांत विखुरलेली. अशा ठिकाणी मराठी वाचकाला वाटतं की आपली पुस्तकं आपल्यापुरतीच. तसं मुळीच नाही.

वि. स. खांडेकरांचं उदाहरण घ्या. त्यांच्या कादंबऱ्या गोपाळराव विद्वांस यांनी गुजरातीत आणि का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये नेल्या, आणि त्या दोन्ही भाषांत त्यांना घरच्या लेखकासारखं वाचलं गेलं. ‘ययाति’ 1959 सालची. तिला आधी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1974 चा ज्ञानपीठही. शेजारच्या गुजराती किंवा तमिळ घरातल्या आजींना खांडेकरांचं नाव घेऊन पाहा. बऱ्याचदा असं होईल की पुस्तक सुचवायला गेलेले तुम्ही आजींच्या आठवणी ऐकत तासभर बसाल. तमिळ वाचकांत तर खांडेकर मराठी होते हे माहीत नसलेलेही सापडतात, इतके ते तिकडचे झाले.

पंजाबी शेजाऱ्याकडे जायला नामदेवांइतकी सरळ वाट नाही. गुरू ग्रंथसाहिबात भगत नामदेवांची 61 पदं आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचं स्थान आहे, आणि तिथेच एप्रिल 2015 मध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते सदानंद मोरे. हे सगळं पंजाबी माणसाला सांगितलं की तो खुलतो, कारण ती पदं त्यानं कीर्तनात ऐकलेली असतात. नामदेवांवर ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांचा 2008 चा इंग्रजी ग्रंथ आहे. चांगला आहे, पण तो संशोधकाचा ग्रंथ आहे, उन्हाळ्याच्या संध्याकाळी चहाबरोबर वाचण्याचा नव्हे. या शेजाऱ्याकडून पुस्तक मागून घेणं जास्त बरं. अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ ही फाळणीवरची छोटी कादंबरी 1950 ची. तिच्यापासून सुरुवात करता येईल. त्याहून नवं हवं असेल तर धहान पुरस्काराची यादी काढायला सांगा. पंजाबी साहित्याचा हा पुरस्कार कॅनडातूनच दिला जातो, आणि गुरमुखी व शाहमुखी दोन्ही लिप्यांतल्या पुस्तकांचा विचार त्यात होतो. मागणं हाही सुचवण्याचाच भाग आहे. नुसतंच देत राहणाऱ्याचं पुस्तक लोक भीडेखातर घेतात.

जमैकन शेजारी असेल तर ऑलिव्ह सीनियर यांचा ‘समर लाइटनिंग’ हा कथासंग्रह. त्या जमैकात वाढल्या, नंतर टोरांटोत राहिल्या. 1986 चा हा संग्रह, पुढच्याच वर्षी त्याला कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला. खेड्यातली मुलं, मोठ्या माणसांची भांडणं, चर्च, आज्या. कोकणातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल.

आणि शेजार हाच ज्याचा विषय आहे असं पुस्तक हवं असेल तर ते याच शहरात राहणाऱ्या लेखकाचं आहे. रोहिंटन मिस्त्री 1952 मध्ये मुंबईत जन्मले, 1975 मध्ये कॅनडात आले, आणि ब्रॅम्पटनचे रहिवासी झाले. मराठी वाचकाला ते बहुधा ‘सच अ लाँग जर्नी’वरून झालेल्या वादामुळे ठाऊक असतात, 2010 मध्ये मुंबई विद्यापीठानं ती कादंबरी अभ्यासक्रमातून काढली होती. मी मात्र त्यांचं पहिलं पुस्तक देईन, ‘टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग’, 1987 चं. मुंबईतल्या एका पारशी वसाहतीतल्या बिऱ्हाडांच्या या कथा. एकमेकांच्या घरातलं सगळं माहीत असलेले लोक, अगदी फ्रिज कुणाकडे आहे इथपर्यंत. शेवटच्या कथेतला मुलगा टोरांटोतल्या इमारतीत राहायला आलेला आहे, आणि मुंबईतले त्याचे आईवडील त्यानं पाठवलेलं कथांचं पुस्तक वाचताहेत. ब्रॅम्पटनमधल्या मराठी घराला याहून जवळचं काय असणार? त्यांची ‘अ फाइन बॅलन्स’ ही आणीबाणीवरची कादंबरी मोठी आहे, सहाशेच्या वर पानांची आणि काळीज पिळवटणारी. ती पहिल्या ओळखीत कुणाच्या हातात देऊ नये. जानेवारीत द्यावी.

मराठी शेजाऱ्यालाच मराठी पुस्तक द्यायचं असेल तर माझं मत दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ला. 1956 चं पुस्तक, महिन्यागणिक एक लेख. ब्रॅम्पटनच्या मेपल आणि लिलॅकमध्ये बसून आषाढ-श्रावण वाचायचे आणि एका वेळी एकच लेख. लांबलचक वाचायची सवय मोडलेल्या माणसालाही हे जमतं.

आता प्रत. इंग्रजी पुस्तकासाठी विकत घेण्याआधी ब्रॅम्पटन लायब्ररीकडे जावं. शहरात तिच्या अनेक शाखा आहेत: मध्यवर्ती भागात फोर कॉर्नर्स, चिंगकूसी, गोर मेडोज, साउथ फ्लेचर्स, आणि कोमागाता मारू पार्कला लागून असलेली, 2019 मध्ये नव्या इमारतीत आलेली स्प्रिंगडेल. शहरातल्या रहिवाशाला कार्ड फुकट मिळतं. ओळख आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तळघरात भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे बऱ्याचदा कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

कळीची सोय म्हणजे ‘होल्ड’. पुस्तक कोणत्याही शाखेत असो, कॅटलॉगमध्ये शोधून आपल्या नावावर राखून ठेवायचं आणि घराजवळची शाखा निवडायची. पुस्तक तिथे आलं की निरोप येतो. शेजाऱ्याला पुस्तक सुचवताना आपल्या फोनवर कॅटलॉग उघडा आणि तिथल्या तिथे त्याच्या कार्डावर होल्ड टाकायला लावा. सुचवणं आणि हातात पडणं यांतलं अंतर असं मिटतं. प्रत लायब्ररीत नसेल तर दोन मार्ग उरतात. एक, पुस्तक खरेदी करावं अशी सूचना देणं. दुसरा, इंटरलायब्ररी लोन, म्हणजे ऑन्टारिओतल्या दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून ते मागवणं. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून ऑगस्टमध्ये हवं असलेलं पुस्तक जूनमध्येच मागावं.

ई-पुस्तकासाठी लिबी ॲप आहे. त्यातही रांग असते हे पाहून लोक चक्रावतात. कारण सरळ आहे: ग्रंथालयाला बहुधा एका परवान्यावर एका वेळी एकाच वाचकाला ई-पुस्तक देता येतं. कागदाची प्रत नसली तरी ‘प्रत’ असतेच.

मुलांसाठी कॅनडाभर टीडी समर रीडिंग क्लब चालतो. टोरांटो पब्लिक लायब्ररी आणि राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागार यांनी मिळून तो उभा केला आहे, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत, आणि तो मोफत आहे. मुलाचं नाव सहभागी शाखेत नोंदवायचं, वही घ्यायची आणि वाचलेली पुस्तकं लिहीत जायची. इथे आईबापांनी एक मोह आवरावा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझन यांनी गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर वर्षी बारा पुस्तकं दिली. मुलांचं वाचन सुधारल्याचं त्यांच्या 2010 मधल्या निबंधात नोंदलं आहे. त्यातली महत्त्वाची अट अशी की पुस्तकं मुलांनी स्वतः निवडली होती. तेव्हा शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीला तुम्ही सुचवू नका. तुमच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला सुचवू द्या. डायनासोर, फुटबॉल, चित्रकथा, जे असेल ते.

मराठी पुस्तकांचा प्रश्न मात्र लायब्ररीवर भागत नाही. त्यासाठी नाशिककडे पाहावं लागतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. रचना साधी आहे. एका पेटीत शंभर मराठी पुस्तकं. सोसायटीतल्या, कचेरीतल्या किंवा गल्लीतल्या साधारण पस्तीसेक वाचकांनी गट करायचा, एकानं पेटी घरी ठेवून देवघेव सांभाळायची. तीनचार महिन्यांनी ही पेटी दुसऱ्या गटाला आणि दुसऱ्या गटाची पेटी आपल्याकडे. पेटीतली पुस्तकं वेगवेगळी, त्यामुळे गटापुढे दर खेपेला नवी शंभर पुस्तकं येतात. वाचकाकडून पैसे घेत नाहीत, खर्च देणगीदारांचा. दुबईपासून सुरू होऊन या पेट्या परदेशातल्या मराठी गटांपर्यंतही गेल्या.

यातली खुबी फिरण्यात आहे. आपल्या मंडळांच्या कपाटांत पुस्तकं कमी नसतात, पण कपाट एका जागी असतं आणि त्याची किल्ली भलत्याच जागी. पेटी ज्याच्या घरी, तो माणूस रोज दिसतो आणि कुणी काय वाचलं ते त्याला ठाऊक असतं. वाचणारे कमी असतील तर पेटीही लहान करावी. ब्रॅम्पटन, मिसिसागा, मिल्टन अशा तीन ठिकाणी पाच-सहा घरांचे गट आणि प्रत्येकाकडे पंचवीस पुस्तकांचा प्लास्टिकचा डबा, एवढ्यावर एक उन्हाळा निघतो. जुलैअखेर डबे बदलायचे.

पुस्तकं आणायची कशी? उन्हाळ्यात येणाऱ्या आजी-आजोबांच्या सामानातून. दोन-अडीचशे पानांचं पुस्तक साधारण पाव किलोच्या आसपास भरतं. म्हणजे दहा पुस्तकं अडीच-तीन किलो. एका भाकरवडीच्या पुडक्याऐवजी दोन पुस्तकं, असा सौदा आजोबांशी करता येतो. आजीशी जमेलच असं नाही. डब्यात एक वही ठेवावी. नाव आणि तारीख यांसाठी रकाने हवेतच, पण एक रकाना ‘हे कुणाला आवडेल?’ असाही हवा. पुस्तक परत करताना वाचणाऱ्यानं त्यात एका शेजाऱ्याचं नाव लिहायचं. महिन्याभरात वहीच सुचवू लागते.

डबा जमेपर्यंत मुलांना वाट पाहायला लावू नका. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली, आणि खुल्या परवान्यामुळे ती छापून शेजाऱ्याला देणंही कायदेशीर आहे. बालभारतीच्या ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. एवढं असताना ‘मृत्युंजय’ची चोरटी पीडीएफ गटात फिरवण्याचं कारण नाही. ती कुणी वाचतही नाही. फक्त पुढे पाठवतात.

राहिली अंगणातली पुस्तकपेटी. विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी 2009 मध्ये टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या आठवणीत शाळेच्या इमारतीसारखी दिसणारी छोटी पेटी दारात उभी केली. तिथून ‘लिटल फ्री लायब्ररी’ सुरू झाली. अँड्र्यू कार्नेगींच्या पैशातून इंग्रजी भाषक जगात 2,509 ग्रंथालयं उभी राहिली होती, त्यांच्या एक पुढे जाण्याचं ध्येय बोल यांनी ठेवलं आणि ते काही वर्षांतच पार झालं. कार्नेगींच्या ग्रंथालयांपैकी 111 ऑन्टारिओत होती, आणि त्यांतलं एक, 1907 सालचं, ब्रॅम्पटनच्या क्वीन स्ट्रीटवर.

पेटी लावायची तर तीन गोष्टी पाहाव्यात. पदपथ आणि रस्ता यांमधली हिरवळ आपण कापत असलो तरी ती शहराची. खांब आपल्या हद्दीत रोवावा. खणण्याआधी ऑन्टारिओ वन कॉलकडे नोंद करून जमिनीखालचे गॅस आणि विजेचे मार्ग आखून घ्यावेत. हे सक्तीचं आहे आणि फुकट आहे, पण काही दिवस आधी कळवावं लागतं. तिसरं, खड्डा चार फूट खोल हवा. या भागात हिवाळ्यात जमीन तितकी गोठू शकते, आणि ओल्या मातीचा बर्फ होताना तो उथळ खांबाला वर उचलतो. एवढा खटाटोप नको असेल तर पोर्चवर झाकणाचा डबा ठेवा. शेजाऱ्यांना पेटीचं रूप नको असतं, आतलं पुस्तक कोरडं हवं असतं. त्यात जुनी पाठ्यपुस्तकं आणि आयकराची मार्गदर्शकं टाकू नका. वाचून आवडलेलंच ठेवा आणि आत एक चिठ्ठी घाला, कुणी दिलं आणि का.

उन्हाळ्यात एकदा सगळ्यांना बोलवा. जुलैतला एखादा रविवार, ड्राइव्हवे, खुर्च्या ज्याच्या त्यानं आणायच्या. प्रत्येकानं एकच पुस्तक आणायचं, ते हातात धरून दोन मिनिटं बोलायचं, आणि संध्याकाळ संपताना ते दुसऱ्याच्या घरी गेलेलं असायला हवं. ते परत नकोच असं असेल तर पहिल्या पानावर तसं लिहावं. हवं असेल तर नाव आणि फोन नंबर. मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचं असेल तर जेल रिचर्डसन यांनी सुरू केलेला ‘फोल्ड’ हा साहित्योत्सव 2016 पासून ब्रॅम्पटनमध्येच होतो; तो मे महिन्याच्या सुमारास असतो, म्हणजे उन्हाळ्याची यादी करायला अगदी वेळेवर.

उधार दिलेली पुस्तकं लेबर डेच्या आधीच्या शनिवारी मागून घ्या. मंगळवारी शाळा सुरू झाली की पुस्तकं दप्तरांखाली जातात, आणि आजी-आजोबांची परतीची विमानं सुटू लागली की त्यांच्या सामानातून ‘ऋतुचक्र’ पुण्यालाही परत जाऊ शकतं.